छाट

गाडी लावली तिथंच माय थबकली.
"इथं नळ होता," म्हणाली.
मी म्हटलं, चल, लग्न लागून जाईल.
"होता ना पन."

कवडू हटवाराच्या नातीचं लग्न.
दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या ज्या भिंतीवरून
ती बिडी कारखान्याची भिंत.
गुलाबी रंगाखालून अजून तेंदूपानाचा वास येतो
की मलाच येतो, ठाऊक नाही.

आमचा पुरा म्हणजे दोन ओळी, सत्तावीस दारं,
दारादारात सूप, सुपामागे बाई.
रात्रभर ओल्या पोत्यात निजलेली पानं
सकाळी पोट्ट्यांच्या आधी उठायची.
टिनाच्या साच्याभोवती कातऱ्या फिरू लागल्या
की अख्ख्या पुऱ्याचा एकच आवाज,
पत्र्यावर चिमण्या नाचाव्यात तसा.
पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजारी.
मला पंचवीसचा पाढा आधी आला,
दोनचा नंतर, शाळेत.

दुर्पता मावशी वळता वळता गोष्ट सांगायची.
गोष्टीतला राजा नेमका
तिच्या रिळावरचा धागा संपला की मरायचा.
जैतुनबीचं तान्हं सुपाच्या सावलीत झोपायचं
आणि झोपेत शिंकायचं, जर्द्यानं.
हसायचो आम्ही सगळे.
जैतुनबीसुद्धा.

मंडईच्या रात्री पुरा ओस.
कडाक्याची थंडी, बंडीत तणीस, तणसावर आम्ही,
नाटक पार कोंबडा आरवेपर्यंत.
खलनायक मेला की देवाजी उके उठायचा,
स्टेजवर चढून मेलेल्याच्या ओठात
एक पेटती बिडी ठेवून यायचा.
मेलेला दोन झुरके घ्यायचा. टाळ्या.

आणि रोज संध्याकाळी खिडकी.
खिडकीत मनिराम सट्टेदार.
कट्टा कानाशी नेऊन दाबायचा,
चुरचुर ऐकायचा, नखानं तोंड उकलायचा.
छाट.
ही छाट. ही पन छाट.
छाटेची बिडी मोजत नसत,
परत देत नसत,
फेकतही नसत.
मंग जाते कुठं, मी एकदा मोठ्यानं विचारलं.
मायनं माझं मनगट असं आवळलं
की त्यातच कळलं.

त्याच खिडकीत आज आहेर लिहीत होते.
गज काढून झालर लावलेली, पंखा, लॅपटॉप.
माय रांगेत उभी राहिली, पदर खोचून,
घरून आणलेली शंभराची नोट, वर एक रुपया.
खिडकीतल्या पोरानं नोट उजेडात धरली,
उलटी केली, पुन्हा धरली.
माय ताठ झाली.
"चांगली हाये जी. पाहून आनली मी."
"काकू, मी नाव विचारून राहिलो."

जेवताना कळलं,
दुर्पता मावशीचा धाकटा चौकात खर्रा घोटतो,
मशीनवर, दिवसाला दोनशे पुड्या.
जैतुनबीचं ते शिंकणारं लेकरू
नागपुरात कुणाच्या तरी गोडाऊनला आहे.
सत्तावीसपैकी अकरा दारं लॉनच्या पार्किंगमध्ये गेली.
उरलेल्यांपुढे सिमेंटचा रस्ता इतका उंच झाला
की आता घरात उतरून जावं लागतं.
मनिराम? तो तर कधीचाच गेला, खोकून खोकून.
माय जिलेबीचा तुकडा बाजूला सारून म्हणाली,
"त्याच्या घरीबी बाया बिड्याच वळत."
हे मला माहीत नव्हतं.

निघताना मला भरून आलं.
म्हटलं, काय दिवस होते नाही, माय?
सगळा पुरा कसा एका घरासारखा.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
हे वाक्य जणू हातात घेऊन तिनं दाबलं,
कानाशी नेलं.

"छाट," म्हणाली.

मग नळाजवळचा चिखल चुकवावा
तसं लुगडं किंचित उचलून
कोरड्या, धुतलेल्या फरशीवरून
गाडीकडे चालू लागली.