ओंबीचा शिक्का

वेर्ण्याच्या औषध कारखान्यातून ट्रक निघतो
तेव्हा गेटवरचा माणूस म्हणतो, भंगार.
कुंडईच्या चढावर तो दुसऱ्या गियरमध्ये कण्हतो,
माझ्या फाटकाशी थांबतो,
आणि मी पावतीवर लिहिते:
लाकडी पॅलेट, दोनशे चौदा नग.
त्यांत साठ तरी लंगडे.

फोर्कलिफ्टच्या सुळ्यांनी फाडलेल्या कडा,
कसलंसं निळं सांडलेलं,
एकात विंचवाचं बिऱ्हाड,
एकावर कुणीतरी पेनानं लिहिलेलं नाव,
लिपी कुठली कोण जाणे.
दुसऱ्याचं ओझं पाठीवर घेऊन समुद्र ओलांडला सगळ्यांनी;
ओझं उतरलं, आणि कंपनीला
ती ठेवायला जागा नाही.

बाबा ह्याला लाकूड म्हणत नाहीत.
आम्ही च्यारी. त्यांनी देवळाच्या रथाचं चाक जोडलंय
एकही खिळा न मारता.
पाइनला नख लावून म्हणतात,
ह्यात काय आहे गो, नुसता पाव.
तरी सकाळी साडेसातला
पत्र्याच्या सावलीत पहार घेऊन बसतात तेच.
फळी उसवणं म्हणजे मारामारी नव्हे,
खिळ्याला आधी थोडं कळू द्यायचं
की आपण चाललोय.
मग तो ओरडतो, एकदाच.
पिळाचे खिळे, सरळ होत नाहीत.
बाबा दगडावर ठेवून ठोकतात तरी.
शेवटी किलोवरच जातात ते,
मला माहीत. त्यांनाही.

मी शिक्के वाचते.
ठोकळ्यावर डागलेली गव्हाची एक ओंबी,
देशाची दोन अक्षरं, आणि शेवटी
एच.टी.: तापवलेलं, चालेल.
एम.बी.: विषाची धुरी दिलेलं, वेगळ्या ढिगात.
शिक्काच नसेल तर त्याहून वेगळ्या.

गेल्या महिन्यात मडकईहून कायतान पदेर आला,
भट्टी भुकेली, जळणाचे भाव हे असे.
नेमका विषाच्याच ढिगापुढे उभा राहिला
आणि ओंबीवर बोट ठेवून हसला:
बघ बाये, गहू काढलाय ह्यावर,
हे माझ्याचसाठी आलंय.
मी नाही म्हटलं.
पाव रुपयानं महागला तर तुला शिव्या घालीन, म्हणाला.
घाल, कायतान.
पहाटे आमच्याही दारात तुझाच भोंगा वाजतो.

तो ढीग झाकायचा, तोलायचा,
परवान्याच्या भट्टीकडे धाडायचा, भाडं माझं.
मग कंपनीला कागद: विल्हेवाट लावली.
खाली माझी सही, सुलक्षा च्यारी,
तारीख, गोल रबरी शिक्का.
ह्या शिक्क्यावर काहीच उगवलेलं नाही.

चवथीआधी पाच दिवस
माटोळीची जुनी चौकट खाली काढली
आणि बाबांच्या हातातच तिचा भुसा झाला.
रंग तसाच, आत वाळवी.
दुपारी ते ढिगापाशी पाठमोरे दिसले,
अंगठ्यानं फळ्या वाजवत.
चार निवडल्या. रंधा मारला.
चष्मा घरी, म्हणून मला हाक:
वाच गो, काय लिहिलंय?
एच.टी., मी म्हटलं.
देश कुठला ते त्यांनी विचारलं नाही.

सांध्यात केस शिरणार नाही.
त्यावर आता आंबाडे, तोरिंजनं, नीरफणस,
सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड.
तेवढ्या वजनाला फळी किंचित वाकली
आणि थांबली, सवयीनं.
ओंबी वरच्या अंगाला, कौलांकडे तोंड करून.
रंध्याच्या आणखी दोन फेऱ्यांत गेली असती.

उद्या दुसरी खेप. फोन आला,
एकशे नव्वद नग भंगार, बरेचसे भिजलेले.
ओले तोलू नकोस, बाबा म्हणाले,
आधी वाळू दे त्यांना.