गुरुवारची साक्ष

उमापबाईंच्या घरी गुरुवारची प्रार्थनासभा.
पंखा एक, माणसं चौदा,
एप्रिल.
पाळकसाहेब म्हणाले, ह्या आठवड्यात
प्रभू कुणाला कुठं दिसला, उठून सांगा.

उमापबाईंचा मुतखडा आपोआप पडला.
हालेलुया.
शमुवेलच्या सुनेला पुण्यात नोकरी लागली.
हालेलुया.
शिरसाटांचा धाकटा ट्रकखाली जाता जाता
नुसता पाय मुरगळून घरी आला.
मग माझी पाळी.
मी उठले, पदर डोक्यावर घेतला,
म्हणाले, सगळं ठीक आहे, कृपा आहे त्याची,
आणि बसले.
चहा आला तेव्हा सुटल्यासारखं झालं.

घरी येताना रिक्षात गप्प होते.
ह्यांना तसंही ऐकू येत नाही.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात
कान तिथंच ठेवून आलेत.
म्हणून जेवणाआधीची प्रार्थनाही ओरडून:
हे प्रभू, ह्या हुलग्याच्या आमटीबद्दल!
सगळ्या चाळीला कळतं आमच्यात काय शिजलंय.
खालची पोरं आमेन म्हणतात,
चिडवायला.
पण म्हणतात.

मी टॉवेल तपासते. अक्कलकोट रोडला, एकवीस वर्षं.
काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट,
अंथरायचा, ओढायचा, पुढचा.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, काठातली गाठ,
माझ्या डोळ्यातून एक निसटत नाही.
परवा झोपेत ह्यांची बंडी तपासत होते म्हणे.
उपासनेला गेले तरी आधी दिसतो
वेदीवरच्या कापडाचा उसवलेला कोपरा,
सलोमीनं घाईत उलटा घातलेला स्वेटर,
आणि उपदेशात तिसऱ्यांदा आलेलं तेच वाक्य.

आणि जो टॉवेल चांगला असतो
तो मला दिसतच नाही.
हाताखालून जातो. शेकड्यानं जातो.
एकवीस वर्षांत असे किती गेले
देवाला माहीत.

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
त्या रात्री मला जागच आली नाही.
चारला धडपडत दार उघडलं, तर
नळापाशी रांगेत ठेवलेले आमचे पाच हंडे
काठोकाठ.
वर ताटल्या झाकलेल्या.
ताटल्या आमच्या नव्हेत.
शेजारी रंगाची एक जुनी बादली, सहावी,
तीही आमची नव्हे.
नरसम्मा पायरीवर बसून विड्या वळत होती,
सूप मांडीवर, बल्बाखाली.
अक्का, नीळ्ळु वच्चायी, म्हणाली,
दार किती वाजवलं,
तुझ्या मालकांना ऐकू येईना, तू उठेना.
तिच्या पातळाचा घोळ पोटरीपर्यंत ओला.

मी सहाही भांड्यांत वाकून पाहिलं.
पाणी पाणीच होतं.
जरा गढूळ, औषधाच्या वासाचं.

सवयीनं तिला सलाम म्हणाले.
ती हसली.
ताटल्या तेवढ्या परत दे, म्हणाली.

शनिवारी कामावर एक पांढरा टॉवेल आला.
मी तो पुढं सरकवला नाही.
खालचा उजेड वर येत होता,
उभ्या धाग्यातून, आडव्या धाग्यातून,
कुठं अडत नव्हता.
मागं चळत वाढायला लागली.
गाजूल सुपरवायझर आला, चष्मा कपाळावर,
काय सापडलं?
मी पुन्हा पाहिलं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत.
काही नाही, म्हटलं.
काहीच नाही हो. बघा तरी.

त्यानं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं,
आणि घड्याळाकडे.

पुढच्या गुरुवारी उठून हे सांगता येईल का,
कळत नाही.
मुतखड्यानंतर हे कसं सांगायचं.
ताटल्या अजून द्यायच्यात.