बाजार भरतो

"ऑल्डरविक हे इंग्लंडमधील एक गाव आहे."
संपलं पान.
खाली पाटी: लेख अपूर्ण आहे, भर घाला.
आमच्या हाय स्ट्रीटवर बंद दुकानांच्या काचेला लावतात
तसलीच, जरा वाकडी.

एकतीस वर्षं इथे राहतेय.
म्हटलं, घालू भर.

पहिलं भांडण नावापाशीच.
लिहिताना मधे एक डब्ल्यू येतो,
बोलताना त्याला कोणी विचारत नाही,
घरजावयासारखा बसलेला असतो शब्दात.
एकोणीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर ओरडतो, ऑल्डरिक!
आपली लिपी कानानं लिहायची,
म्हणून मी लिहिलं ऑल्डरिक.
सकाळी बघते तर अकोल्याच्या कुणा घारपुऱ्यांनी
डब्ल्यू परत आणून बसवलेला.
"नकाशात असे आहे. आपला संदर्भ?"

संदर्भ : बसचा ड्रायव्हर.
तो चालत नाही म्हणे.

मग मार्केट टाउनला म्हणायचं काय?
पेठ लिहिलं तर सराफकट्टा दिसायला लागला,
कसबा लिहिलं तर गावाच्या डोक्यावर पगडी चढली.
शेवटी, बाजाराचं गाव.
सनद हा शब्द मात्र चपखल बसला.
राजानं गावाला बाजाराची सनद दिली, तेराव्या शतकात,
ती एका मेंढ्यांच्या भांडणात जळाली,
दुसरी मागितली, दुसरी मिळाली.
(याला संदर्भ आहे. पान एकशे चार.)

ग्रंथालयात हिलरीनं जनगणनेचे आकडे काढून दिले.
लोकसंख्या ७,३१२.
त्यात मी आहे.
मोजणी मार्चात झाली, आणि हे फेब्रुवारीत गेले.
मी ७,३१२ लिहिलं,
खोडलं नाही, ३ केलं नाही,
बराच वेळ नुसती त्या दोनाकडे बघत बसले,
चहावर साय धरेपर्यंत.

मग बाजार.
भरतो, की भरत असे?
घरात बसून कळेना, म्हणून गुरुवारी पिशवी घेऊन मोजायला गेले.
चीजवाली. मोबाईलच्या कव्हरांचा पोरगा.
धार लावणारा महिन्यातून एकदाच, आज नव्हता.
आणि लेन रॅगची भाजी,
हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पाल, एक खांब दोरीनं बांधलेला.
तीन पालं.
चौकात उरलेल्या जागेत गाड्या लावलेल्या,
तिकीट काढून.

लेनला विचारलं, किती असले म्हणजे बाजार?
तो पार्सनिपची माती झटकत म्हणाला,
एक विकणारा हवा,
आणि एक महाग आहे म्हणणारा.
मी म्हटलं, महाग आहे.
तो म्हणाला, झाला की.

हाच लेन, ज्यानं चौऱ्याण्णव साली
माझ्यासाठी लेस्टरहून कोथिंबीर आणली,
पहाटे अडीचला उठून, व्हॅनमधून,
आणि अजून तिला तुझी ती पार्सली म्हणतो.
हे कुठल्या मथळ्याखाली घालायचं?
इतिहास? अर्थव्यवस्था? वाहतूक?
कुठेच नाही घातलं.
आठवण पुराव्यात धरत नाहीत, आणि बरोबरच आहे,
माझ्याच आठवणीत चर्चचा मनोरा कधी डावीकडे असतो.

रात्री लिहिलं :
"येथे दर गुरुवारी बाजार भरतो व दुपारी दोनला उठतो."
उठतो वर बोट अडलं.
कराडला आई म्हणायची, बाजार उठायच्या आत जा,
भाव पडतो तेव्हा.
पण बाजार उठला याचा दुसरा अर्थही
मराठीत कोणाला सांगावा लागत नाही.
तरी ठेवला तोच शब्द.
वर्तमानकाळ आहे तोवर असू दे.

सकाळी धडधडत पान उघडलं.
घारपुऱ्यांनी वाक्याला हात लावला नव्हता.
सनदेतली माझी एक वेलांटी दुरुस्त केली होती,
आणि कारण लिहायच्या चौकटीत,
जिथे नेहमी नियमाचा आकडा असतो, तिथे फक्त :
"मेथी मिळते का तिथे?"

अजून उत्तर दिलं नाही.
गुरुवारी लेनला विचारून सांगते.