ठिपक्यांचं वर्तुळ

सोहारला ऑक्टोबरातही बाहेर चाळीस
आणि लॅब क्रमांक दोनमध्ये अठरा.
एसीचा रिमोट शिबूकडे, तो कुणाला देत नाही;
म्हणतो, मशीनना थंडी लागते तेवढी लागू द्या, तुम्ही शाली आणा.
सुरैया अबायाच्या बाह्या मुठीत धरून टाइप करते,
मी बाबांचं स्मेल्टरचं जाकीट घालते:
पाठीवर कंपनीचं नाव,
खिशात मुदत संपलेला गेटपास.

तिसरी असाइनमेंट:
आपलं नाव घ्या, उलटं करून छापा.
पाच मार्क. चार ओळींचं काम.
डॉक्टर इद्रीस म्हणाले, इंग्रजीत कुणीही करेल,
घरच्या लिपीत करा.

आधी लांबी मोजली.
मृण्मयी.
बोटांवर तीन: मृ, ण्म, यी.
मशीन म्हणालं, सात.
मी पुन्हा मोजली. तीन.
ते पुन्हा म्हणालं, सात,
टिल्लू बाईंसारखं, न चिडता.
(दर शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सहा मुलं,
आणि शेजारच्या मशिदीतला खुतबा संपायच्या आत
सहाही वह्यांचं शुद्धलेखन तपासून तयार.)

मग उलटं केलं.
सुरैयाची चार अक्षरं मागे वळली,
काहींनी जुना हात सोडला, काहींनी नवा धरला,
पण उभी राहिली.
माझ्यात सुरुवातीलाच दीर्घ वेलांटी,
जिच्याआधी अक्षरच नाही.
पडद्यानं तिच्यासाठी एक वर्तुळ काढलं,
ठिपक्याठिपक्यांचं, आत काही नाही,
कुणीतरी असायला हवं होतं, एवढंच सांगणारं.

मी ते बराच वेळ बघत बसले.
बाबांच्या रेसिडेन्स कार्डाची मुदत मार्चपर्यंत,
माझं कार्ड त्यांच्या कार्डाला टेकलेलं.
घरी यावर कुणी बोलत नाही.
आई फक्त हल्ली तांदूळ पाच किलोचा आणते,
वीसचा नाही.

डॉक्टर मागे येऊन थांबले.
बोट पडद्यापासून इंचभर दूर: हे काय?
म्हटलं, सर, ही मात्रा. तिला एकटं लिहिता येत नाही,
म्हणून मशीन जागा धरून ठेवतं.
म्हणाले, म्हणजे आमची हरकत.
अरबीत मात्रेला हरकत म्हणतात.
मी हसले, का ते त्यांना सांगता आलं नाही.
ते खिशातल्या किल्ल्या वाजवत राहिले.
तीन आहेत: गाडीची, इथल्या ऑफिसची,
आणि एक पितळी, इथल्या कुठल्याच दाराला न लागणारी.
ओमदुरमानच्या त्यांच्या विभागाची, शिबू नंतर म्हणाला,
तिथली सर्व्हर रूम त्यांच्याकडे होती,
आणि लगेच प्रिंटरमध्ये कागद भरायला गेला.

रात्री साडेदहापर्यंत बसले.
नियम मला आधीच येत होता, टिल्लू बाईंचा:
ज्याचा पाय मोडलाय त्याला एकटं सोडायचं नाही,
पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवू द्यायचा.
वेलांटी, ऋकार, ज्याचे त्याच्यापाशी.
अकरा ओळी झाल्या. चालवलं.
यीण्ममृ.
खोकल्याच्या औषधाचं नाव वाटावं असं,
पण वर्तुळ नाही. लांबी तीन.
सुरैयानं ते तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं
आणि तिचा करक कीबोर्डवर सांडता सांडता राहिला.

पाचपैकी चार मिळाले.
एक कापला: कोडमध्ये टिपा लिहिल्या नाहीत.
विचारलं, सर, टिपा कुठल्या भाषेत?
तू पुढच्या वर्षी वाचशील त्या.

पुढच्या वर्षी.

मी फाइल पुन्हा उघडली, सातव्या ओळीवर गेले,
लिहिलं: इथे तोडू नये.
शिबू एकेक दिवा घालवत येत होता,
एसी तसाच चालू ठेवून.