सात पौंडाचं झाकण

देवळालीचे बेहरामशा म्हणतात, सगळं ओरिजिनल पाहिजे,
नट-बोल्टसुद्धा.
गाडी एकसष्टची, दोन सीटांची.
बॉनेट उघडलं की आत चार माणसांच्या हातचं.

टॉर्च दातात धरून मी वाकतो.
पंखा सहा पात्यांचा, पिवळा प्लॅस्टिकचा.
हिला चार हवीत, आणि लोखंडी.
पंप बरोबर आहे. ओतीव आकड्यातला तीन अर्धाच भरलाय,
नकली माल इतका गबाळा नसतो.
झाकण तेरा पौंडाचं!
या वयात एवढा दाब कुणी देतं?
सातचं लागतं, लांब गळ्याचं;
आखूड बसवलं की पाणी गुपचूप जातं,
आणि कसारा घाटात कळतं.

रेडिएटर मात्र.
वरची टाकी कंपनीची नाही.
पितळ जाड, कडेला ठोक्यांची रांग
जरा उलट्या अंगाला कललेली,
डाग दिलेला सरळ, एक ओघळ नाही.
अंगठा फिरवला, परत फिरवला.

तांबट लेनमध्ये डावखुरा एकच होता.
घरी त्याच ठोक्यांचा बंब आहे,
अजून पाणी तापवतो.
त्या हातानं इथं पाणी निववायचं काम घेतलं होतं.
अण्णा कधी बोलले नाहीत.

"काय, हीपण खोटी?" बेहरामशा विचारतात.

कागदावर लिहितो: वरची टाकी, मूळची नव्हे. बदलावी.
मग शेवटचा शब्द खोडतो,
आणि गळती बघायला
टाकीत पाणी भरत राहतो,
गळ्यापर्यंत.