किनुए कुठे गेली

भरतीच्या परीक्षेत हे विचारलं नव्हतं:
मिसो सूप घट्ट करायला पावडर किती चमचे,
कवळी रात्री कशात ठेवायची,
आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस
पळून जायला बघतोय
की मुतारी शोधतोय, हे ओळखायचं कसं.

ओबानाई, वय ब्याऐंशी, खोली चार.
सकाळी नंबर पुकारला की
शाळेतल्यासारखा हात वर करतो.
कारखान्यात त्याला वेगळं टेबल आहे:
निळे चिमटे निळ्या डब्यात, लाल लाल डब्यात.
संध्याकाळी मीच ते सगळे एकत्र ओततो,
उद्याचं काम म्हणून.

रोज विचारतो, किनुए कुठे गेली?

पहिल्या वर्षी मी नवा होतो, नियमाचा पक्का.
खरं ते सांगितलं, फायलीत होतं तसं, तारखेसकट:
अंथरुणाला खिळलेली बायको, नऊ वर्षांची सेवा,
पहाट, उशी,
मग त्यानेच पोलिसांना केलेला फोन.
त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं.
मटकन खाली बसला. एवढा मोठा आवाज
त्या फासळ्यांत कुठे मावत होता कोण जाणे.
जेवणापर्यंत सगळं विसरला.
हात मात्र दिवसभर थरथरत राहिले,
आणि हातांना कारण ठाऊक नव्हतं.

न्यायाधीशांनी शिक्षा एकदाच सुनावली होती.
मी ती पुन्हा सुनावली,
न्याहारीआधी, त्याच्या पायात चपला सरकवताना.

तेव्हापासून किनुए गावातल्या न्हाणीघरात असते.
बर्फ पडत असेल तर शेजारणीकडे अडकते.
फेब्रुवारीत फार अडकते.
घरी सांगितलं तर माझी बायको म्हणाली,
मेलेल्या बाईला तू बरीच हिंडवतोस.
मग उठून तिने भांडी घासायला घेतली.

काल त्याला आंघोळ घालत होतो.
पाठ कसली, मणके मोजून घ्यावेत.
वाफेने आंधळ्या झालेल्या आरशाकडे बघत
तो म्हणाला, "माझ्या हातून काहीतरी झालंय ना?"
नळ चालू होता.
मी म्हटलं, पाणी फार कढत आहे का?
"नाही," म्हणाला, "बरं आहे."
थोड्या वेळाने दोन्ही हात पुढे केले.
नखं वाढली होती.

नेलकटर आमच्याकडे सही करून घ्यावा लागतो.
वेळ लिहिली, दोन वाजून दहा.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
म्हणून जरा थांबलो.