काचेवरचे किडे

आठवडाभर मी टॉवेलमधल्या चुका मोजतो.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, आखूड पडलेली किनार,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली,
दिवसाला नऊशे नग.
रिजेक्ट झालेले दोन-तीन शेठ घरी न्यायला देतो.
त्यातल्याच एकाने शुक्रवारी रात्री
मी गाडी पुसतो.

हिरवी आहे. सेकंडहँड. हप्ते अजून एकवीस.
आधीच्या मालकाने टाकीच्या डाव्या बाजूला
गुडघ्याने घासून एक फिकट चंद्रकोर करून ठेवलीय,
माझा गुडघा बरोब्बर तिथंच बसतो.
मौला मिस्त्री म्हणाला, यादगिरी,
ही लांबच्या कामाची नाही.
मनगटं जातील, पाठ जाईल,
आपल्या उन्हात मांड्या भाजून निघतील.
बुलेट घे, राजासारखा बस.

वडील चौतीस वर्षं मागावर असेच वाकून उभे होते.
त्यांना कुणी म्हणालं नाही,
हे लांबच्या कामाचं नाही.

मागची सीट तळहाताएवढी.
आई विचारते, उद्या लग्न झालं की तिथं कोण बसणार,
शेंगाचटणी?
तिथं शेंगाचटणीच बसते.
कडक भाकरी, पंक्चरचं किट, चेनचं तेल,
जाळीखाली आवळलेली एक चादर.

पहाटे चार. इंजिन बंद ठेवून
गल्लीतून ढकलत नेतो.
पाच दिवसांनी आलेल्या नळापाशी बायका उभ्या,
एक घागर बाजूला सरकवून वाट देतात.
ओक्कडिवेना? एकटाच?
मान हलवतो. घागर परत जागेवर.

विजापूर रोड. टाकळी. भीमेचा पूल.
पूल संपतो तिथं पाट्यांवरची अक्षरं गोल होतात.
चहावाला विचारतो, ओब्बने?
पंपावरचा पोरगा विचारतो, किती देते?
पंचवीस म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो,
जणू पेट्रोल त्याच्या खिशातून जाणार आहे.

सहा हजारला आरसे थरथरतात,
मागचं काहीच दिसत नाही.
आठ हजारला पुन्हा शांत होतात.
मी कितीवर चालवतो
ते घरी सांगितलेलं नाही.

लोकांना वाटतं, एकटा माणूस
एवढ्या लांब जातो म्हणजे काहीतरी विचार करत असेल.
मी वाळू बघतो.
वळणावरची वाळू, उसाच्या ट्रॉलीचा अंधारातला पाठीमागचा भाग,
डांबरावर सांडलेलं डिझेल.
म्हणजे इथंही चुकाच मोजतो म्हणा,
पण इथं सापडलेली चूक
उचलून बाजूच्या ढिगात टाकावी लागत नाही,
जरा कललं की ती मागं राहते.

कोल्हारला मडक्यातलं दही.
बदामीच्या तळ्यावर बूट काढून पाय पाण्यात, एक तास.
लेणी वर आहेत म्हणे. मनगटं खरंच गेली होती,
बाटलीचं झाकण एका म्हाताऱ्याने उघडून दिलं.

रविवारी संध्याकाळी आई हेल्मेट मांडीवर घेते,
विडीचं सूप घेते तसंच,
आणि ओल्या टॉवेलने काचेवरचे किडे पुसते.
हा पिवळा करडईतला.
हे बारके नदीवरचे.
हा मोठा कुठला रे?
मला माहीत नसतं.
ती टाकळीच्या पुढं कधी गेलेली नाही.

मागच्या रविवारी पुसून झाल्यावर
तिने ते डोक्यात घातलं.
शेजारी तिन्ही घरांत माग चालू होते,
फळीवर आमच्या वाट्या नाचत होत्या.
काच खाली ओढली
आणि बराच वेळ तशीच बसली,
हातात अर्धी वळलेली विडी, दोरा न बांधलेली.
मी म्हटलं, काय गं?

तिला ऐकू गेलं नाही.